वाळूमाशी धुराने मरत नाही, भिंतीवर मरते

वाळूमाशीमुळे आजार पसरल्याची बातमी आली की पहिली मागणी होते ती धूरफवारणीची. गाडी गल्लीतून फिरते, धूर निघतो, लोकांचं समाधान होतं. पण दिवसभर भिंतीच्या फटीत दडलेल्या माशीपर्यंत तो धूर पोचत नाही आणि रात्री ती बाहेर येते तेव्हा हवेत औषध उरलेलं नसतं.

वाळूमाशी म्हणजे डास नव्हे. ती जेमतेम २-३ मिलिमीटरची, अंगभर लव असलेली, अजिबात आवाज न करणारी. बसते तेव्हा पंख पाठीवर मिटत नाहीत, वर तिरके उभे राहतात. ती पाण्यात अंडी घालत नाही. शेणामुताची ओलसर माती, गोठ्याचा कोपरा, मातीच्या भिंतीतले तडे ही तिची जागा. म्हणून कोरडा दिवस पाळणं, टाकीत गप्पी मासे सोडणं, डासांच्या अळ्या मारणारं टेमीफॉस पाण्यात टाकणं हे डेंग्यूसाठी योग्य असलं तरी इथे निरुपयोगी आहे. साधी मच्छरदाणीही पुरत नाही, तिच्या जाळीतून ही माशी आत शिरते. औषधयुक्त मच्छरदाण्यांची मोठी चाचणी भारत आणि नेपाळमध्ये झाली होती, तिच्यातही काळ्या आजाराच्या, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून परजीवी शरीरात शिरून होणाऱ्या लांबलेल्या तापाच्या आजाराच्या, संसर्गात ठळक घट दिसली नाही.

तिची एक सवय मात्र आपल्या फायद्याची आहे. रक्त प्यायल्यावर ती जड होते आणि जवळच्याच भिंतीवर, बहुतेक वेळा खालच्या भागात, पचवत बसते. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेशातली काळ्या आजाराविरुद्धची, घरांच्या भिंतींवर होणारी सगळी फवारणी या एका सवयीवर उभी आहे. तिथे अनेक दशकं डीडीटी मारली गेली. माशी तिला सरावली, तेव्हा २०१५ च्या सुमारास अल्फा-सायपरमेथ्रिन हे दुसरं कीटकनाशक आलं. मात्रा चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम. पावडर ५ टक्क्यांची, म्हणजे चौरस मीटरला अर्धा ग्रॅम पावडर.

मात्रा कागदावर बरोबर असते, बिघडतं ते भिंतीपाशी. ही पावडर पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. पंप हलवत राहिलं नाही तर ती तळाशी बसते. मग एका घरावर निव्वळ पाणी पडतं आणि दुसऱ्यावर दुप्पट औषध. पाणी गाळून घेतलं नाही तर नोझल तुंबतं. झिजलेलं नोझल जास्त सोडतं, भिंतीवरून ओघळ येतात आणि औषध जमिनीत जातं. नोझल भिंतीपासून ४५ सेंटीमीटरवर धरायचं, पट्टा साधारण ७५ सेंटीमीटर रुंद पडतो, पुढचा पट्टा आधीच्यावर ५ सेंटीमीटर चढला पाहिजे. हे उन्हात, दिवसभर, खांद्यावर पंप घेऊन करायचं असतं. त्या मजुराचं प्रशिक्षण आणि मजुरी यांवर कंजुषी करणं मला अक्षम्य वाटतं.

घरातूनही अडचणी येतात. स्वयंपाकघर नको, देवघर नको, धान्याची खोली नको, असं म्हणत अर्धं घर सुटतं आणि माशीला तेवढंच पुरतं. गोठा तर कधीच सोडायचा नाही. फवारणीनंतर सुमारे तीन महिने लिंपण किंवा चुना नको. लिंपलं की औषध मातीखाली गाडलं जातं. सणाच्या तोंडावर फवारणी झाली तर कोणती बाई घर सारवणार नाही? तारखा ठरवताना हा विचार व्हायलाच हवा.

आणखी एक गोष्ट. भारतात काळ्या आजाराचा परजीवी माणसाकडून माशीकडे आणि माशीकडून माणसाकडेच जातो, मध्ये कुत्रा किंवा दुसरा प्राणी नाही. त्यामुळे रुग्ण शोधणं हीच अर्धी फवारणी. काळा आजार बरा झाल्यावर काहींच्या अंगावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी फिकट चट्टे किंवा गाठी येतात. खाज नाही, ताप नाही, माणूस कामावर जातो. पण त्या त्वचेतून माशीला परजीवी मिळत राहतो. त्याला मिल्टेफोसिनच्या १२ आठवड्यांच्या गोळ्या लागतात, आणि काहीही दुखत नसताना त्या पूर्ण करून घेणं सगळ्यात कठीण. गरोदरपणात त्या चालत नाहीत, म्हणून बाईला देण्याआधी तपासणी आणि गर्भनिरोधक दोन्ही आवश्यक.

२०२३ अखेर देशातल्या सगळ्या बाधित तालुक्यांत वर्षाला दहा हजार लोकांमागे एकाहून कमी काळ्या आजाराचा रुग्ण, हे उद्दिष्ट गाठलं गेलं. हे यश फार मोठं आहे. पण मलेरियासाठी डीडीटी मारली तेव्हाही हा आजार जवळजवळ नाहीसा झाला होता. फवारणी थांबली आणि १९७७ मध्ये बिहारमध्ये तो साथ होऊन परतला.

महाराष्ट्रात वाळूमाशी म्हटलं की तिच्यामार्फत पसरणारा, मुलांना मेंदूज्वर देणारा चंडिपुरा विषाणू आठवतो, १९६५ साली नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावात सापडलेला. काळा आजार इथला नाही, पण बिहार-झारखंडहून आलेले बांधकाम मजूर इथेच राहतात आणि इथल्याच दवाखान्यात जातात. दोन आठवड्यांहून जास्त ताप, प्लीहा वाढलेली, मलेरिया नाही, अँटिबायोटिकने उतार नाही, असा रुग्ण समोर आला तर डॉक्टरांनी आधी गाव कोणतं ते विचारावं आणि काळा आजार ओळखणारी रक्ताची आरके-३९ चाचणी करावी. पूर्वी काळा आजार होऊन गेला असेल तर ही चाचणी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. तिथे तिच्यावर न विसंबता प्लीहेतला किंवा अस्थिमज्जेतला नमुना तपासावा लागतो.