दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को नक्की किती लांब?

कुणाचे आईवडील अमेरिकेला निघाले की फॅमिली ग्रुपवर अंतर मोजणाऱ्या साइटचा एक स्क्रीनशॉट हमखास पडतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, १२,४०० किलोमीटरच्या आसपास, पावणेचौदा तास. तेही मिनिटांसकट! त्यावर विश्वास ठेवून लोक गोळ्यांच्या वेळा ठरवतात, मुलगा ऑफिसात हाफ डे टाकतो. माझं म्हणणं एवढंच, की अंतराला ताशी ९०० ने भागून आलेल्या आकड्याला प्रवासाची वेळ म्हणू नका.

अंतर खोटं नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर तेवढंच भरेल. पण तो दोरा तिबेटवरून, सैबेरियावरून पार उत्तर ध्रुवाच्या अंगाने जातो. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण डोक्यावरच्या मास्कमधला ऑक्सिजन थोडी मिनिटंच पुरतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या जवळपास. उतरणार कुठे? म्हणून वळसा.

आणि वळसा म्हणजे उशीर, असंही नाही. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हेच विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० वर गेला, वेळ मात्र जवळपास दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आली. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, तो वारा पाठीशी मिळाला. (इथे कुणीतरी ‘पृथ्वी फिरते म्हणून’ लिहिणारच. अहो, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.) फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्यावर न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान पाच तासांच्या आत लंडनला पोचलं. एरवी सहा-सात तास लागतात.

वाऱ्याचं ऋतूवरून निदान काहीतरी सांगता येतं, सरहद्दींचं तेही नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे निघणारी विमानं अरबी समुद्रावरून फिरून जाऊ लागली. अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला, कोपनहेगनला उतरली. उत्तर अमेरिकेला निघालेल्यांचा प्रवास आणखी लांबला. स्क्रीनशॉटमधला आकडा? एका मिनिटाने हलला नाही.

तिकिटावरची वेळ त्यातल्या त्यात बरी. ती विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. मुंबई–दिल्लीला हवेत पावणेदोन तास लागतात आणि तिकिटावर सव्वादोन दिसतात, ते त्यामुळेच. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरताना आकाशात मारलेल्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं असतं. तरी वाटेत थांबा आहे का, विमान बदलायचं का, हे बारीक अक्षरातलं वाचाच.

खरी वेळ हवी असेल तर फ्लाइट ट्रॅक करणाऱ्या साइटवर त्याच नंबरचं विमान गेल्या आठवड्यात रोज किती वेळ उडालं ते बघा. इन्सुलिन घेणारं माणूस असेल तर डॉक्टरांना तोच आकडा सांगा, आणि औषधं एक दिवस जास्तीची धरून हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नाही. इमिग्रेशनची रांग अजून बाकी असते, तिचा अंदाज मात्र कुठल्याच साइटवर मागू नका.