कमोड गळतोय तो बुडाशी नाही, बुडाखाली

गेले दोन आठवडे माझ्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. ‘बाथरूमची लादी बदलल्यावर कमोड गळतोय? कमोड मुळीच उचलू नका!’ अशी सुरुवात आणि शेवटी हात जोडून ‘दीडशे रुपयांत काम, सर्वांना पाठवा’. मधे पाच मुद्दे: लादी थोडी वर आल्याने काही फरक पडत नाही, पाणी येतं ते लादीच्या सांध्यांतून म्हणून त्यात एपॉक्सी ग्राउट (टाइलमधल्या फटी भरायचा मसाला) भरा, कमोडच्या बुडाशी गोल व्हाइट सिमेंट मारा, कमोड डुगडुगत असेल तर स्क्रू आवळा, आणि थोडंफार पाणी येत राहिलं तर सोडून द्या, सांधा आपोआप जाम होतो.

आमच्या इमारतीत मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. इमारत जुनी, त्यामुळे दर वर्षी कुणाचं तरी बाथरूम नवं होतं आणि त्याच्या खालच्या घरातून आमच्याकडे अर्ज येतो. असा एक अर्ज माझ्याच विरुद्ध आला होता. तेव्हा हा मेसेज वाचून मला गप्प बसवेना.

उंचीच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळा घोळ तिथूनच निघतो. आजकाल तोडफोड नको म्हणून सर्रास टाइलवर टाइल बसवतात. नवी टाइल ८ ते १० मिमी, तिच्याखाली अ‍ॅडेसिव्ह ३ ते ६ मिमी, म्हणजे जमीन सव्वा-दीड सेंटिमीटर वर आली. मिस्त्रीने अ‍ॅडेसिव्हऐवजी सिमेंट-वाळूचा माल टाकला आणि नहाणीकडे ढाळ काढायचा म्हणून मागची बाजू आणखी उचलली, तर इंचभर सहज. आता कमोड या नव्या जमिनीवर बसणार, म्हणजे तोही इंचभर वर जाणार. पण मैल्याचा पाइप कोब्यात, म्हणजे लादीखालच्या भरावात, गाडलेला आहे, तो जागचा हलत नाही. कमोडचं मैला बाहेर सोडणारं तोंड वर गेलं, पाइपचं तोंड खालीच राहिलं. मधल्या फटीचं काय, हे मेसेजवाले सांगत नाहीत.

तुमचा कमोड कोणत्या जातीचा आहे त्यावर पुढचं ठरतं. मागच्या बाजूने पाइप भिंतीत जाताना दिसत असेल तर तो पी-ट्रॅप. मागे काही दिसत नसेल आणि सगळं सरळ जमिनीत जात असेल तर एस-ट्रॅप. पी-ट्रॅपमध्ये कमोडच्या तोंडाचा मध्य जमिनीपासून साधारण १८० मिमीवर असतो आणि भिंतीतलं भोक त्याच मापाने ठेवलेलं असतं. जमीन २० मिमी वर आली की कमोडचं तोंड तेवढंच वर सरकतं. प्लंबर कमोड आणि पाइप जोडणारा रबरी कनेक्टर ओढून-ताणून बसवतो, रबर एका बाजूला चेपतं, दुसऱ्या बाजूला उघडं पडतं. यासाठी ऑफसेट पॅन कनेक्टर मिळतो, ज्याची दोन तोंडं एका रेषेत नसतात. तो लावला की प्रश्न मिटतो. उलटही होतं बरं का. जुनी लादी आणि तिच्याखालचा माल फोडून पातळ टाइल बसवली तर जमीन खाली जाते, कमोडचं तोंड भिंतीतल्या पाइपाच्या खाली येतं आणि प्रत्येक फ्लशचं थोडं पाणी त्या सांध्यात साचून राहतं. मग रबर कितीही चांगलं असो.

माझ्याकडे एस-ट्रॅप होता. नवी लादी झाली, प्लंबरने जुनाच कमोड पुन्हा बसवला, आठवडाभर सगळं झकास. आधी आला वास. कमोडमध्ये पाणी भरलेलं असताना वास कसा येतो, हे मला कळेना. नंतर कळलं की वास अडवणारं जे पाणी असतं, साधारण ५० मिमी खोलीचं, ते कमोडच्या पोटात असतं आणि कमोड-पाइपाचा सांधा त्याच्या पुढे. सांधा उघडा असेल तर ड्रेनेजच्या हवेला अडवायला काही उरतच नाही. म्हणून बऱ्याचदा पाण्याआधी वास वर्दी देतो. पाणी दिसायला लागलं तेव्हा प्लंबरला बोलावलं आणि त्याने अगदी या मेसेजमध्ये सांगितलंय तेच केलं.

म्हणजे मेसेजचा तिसरा मुद्दा. कमोडच्या बुडाशी गोल, नीट बोट फिरवून, व्हाइट सिमेंट. दुसऱ्या दिवसापासून आमची लादी कोरडी ठणठणीत. मी खूश. तीन आठवड्यांनी खालच्या काकूंचा फोन: ‘अहो, आमच्या संडासात थेंब पडतोय, आणि तोही तुम्ही फ्लश ओढलात की!’ जाऊन पाहिलं तर छतावर पोळीएवढा डाग. पुढच्या पंधरा दिवसांत त्याची परात झाली.

दुसऱ्या प्लंबरने कमोड उचलला तेव्हा मी वाकून पाहिलं. नव्या टाइलच्या कापलेल्या कडेपासून पाइपाच्या तोंडापर्यंत जुना, उघडा माल, काळा आणि ओला, कोब्यातली विटांची रोडी दिसत होती. टाइलच्या माथ्यापासून पाइपाचं तोंड २८ मिमी खाली. जुन्या सांध्यातलं व्हाइट सिमेंट अर्धचंद्रासारखं एका बाजूला चिकटून राहिलेलं, उरलेला अर्धा भाग केव्हाच निखळलेला. दर फ्लशला थोडं पाणी पाइपात जाण्याऐवजी त्या रोडीत उतरत होतं. आधी ते बुडाखालून बाहेर येऊन आम्हाला दिसत तरी होतं. गोल सिमेंट मारून मी ती वाट बंद केली, मग पाण्याला एकच वाट उरली, काकूंच्या घराची.

व्हाइट सिमेंट वाईट नाही, पण ते कडक होतं. कमोडवर माणूस बसतो, उठतो, कमोड केसभर का होईना हलतो. पीव्हीसीच्या गुळगुळीत पाइपाला सिमेंट मुळात धड धरत नाही, त्यात हे हलणं. सांधा तडकणारच. तिथे लवचीक काहीतरी हवं: रबरचा कनेक्टर किंवा मेणाची रिंग. मेणाची रिंग एकदाच वापरायची. कमोड एकदा उचलला की ती दबून बसलेली असते, पुन्हा फुगत नाही. ‘चांगलीच आहे की साहेब’ म्हणून तीच परत लावणारे भेटतात, त्यांना नवी आणायला पाठवा. सिलिकॉन बुडाशी मारायला हरकत नाही, लादीवरचं पाणी आणि घाण आत जात नाही. फक्त मागच्या बाजूला दोन-तीन इंच मोकळं सोडा. उद्या पुन्हा गळलंच तर ते आधी तुम्हाला दिसावं, खालच्यांना नव्हे.

आता एपॉक्सी. कुठलाही ग्राउट सांधे भरतो, वॉटरप्रूफिंग करत नाही. ते टाइलच्या खाली असतं किंवा नसतं. फ्लश केल्यावरच गळणारं पाणी लादीच्या सांध्यांतून येत नाही, एवढं तर सरळ आहे. पण मेसेजवाल्यांची एक गोष्ट मान्य: दिसलेलं प्रत्येक पाणी कमोडच्या सांध्याचं नसतं. कमोड उचलायच्या आधी अर्धा तास घालवा. अँगल कॉक, टाकीत जाणारा पाइप, जेट स्प्रेचा सांधा, टाकीचे खालचे बोल्ट, प्रत्येकाला कोरडा टिश्यू पेपर टेकवून बघा. मागून ओघळलेला थेंब बुडाशी येऊन थांबतो आणि आळ सांध्यावर येतो. मग टाकीत थोडी नीळ कालवा. फ्लश न करता तासाभरात भांड्यात निळं पाणी उतरलं, तर टाकीतला वॉल्व्ह गळतोय. त्याने पाणी वाया जातं, लादी ओली होत नाही. फ्लश केल्यावर बुडाशी निळं आलं, तर चोर सापडला. आणि फ्लश करा न करा, आंघोळीनंतरच ओल वाढत असेल, तर दोष जमिनीचा किंवा नहाणी ट्रॅपचा. तिथे कमोडला छळू नका.

स्क्रू आवळण्याबद्दल एकच सांगतो. कमोड चिनी मातीचा आहे. तो डुगडुगतो ते बहुतेकदा नवी लादी त्याच्या बुडाखाली सपाट नाही म्हणून, स्क्रू सैल आहेत म्हणून नव्हे. जोर लावून आवळाल तर बुडाला तडा जाईल आणि दीडशे रुपयांचं काम नव्या कमोडवर जाईल. डुगडुगणाऱ्या बाजूला प्लास्टिकची पाचर सरकवा, मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करा.

‘सांधा आपोआप जाम होतो’ यावर काय बोलणार? जाम होतं ते मैल्याने. आणि तोवर जे झिरपतं ते स्लॅबच्या सळ्यांपर्यंत जातं. शिवाय आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक पाइपांची गळती संस्थेने बघायची, तुमच्या घरातल्या कमोडची तुम्ही. कमिटीकडे बोट दाखवून सुटका नाही, मी त्या खुर्चीतून सांगतोय.

माझ्याकडे शेवटी झालं ते असं. उघडा माल खरवडून, दोन दिवस सुकवून, वॉटरप्रूफिंगचा लेप दिला. ११० मिमीच्या पाइपाला तुकडा जोडून तोंड टाइलच्या पातळीत आणलं. कमोड आधी रिंगशिवाय ठेवून पाहिला, बसतो का, हलतो का. मग नवी रिंग. सिलिकॉन लगेच मारू दिलं नाही; बुडाभोवती टिश्यू पसरून दहा वेळा फ्लश केला, रात्रभर ठेवला, सकाळी कागद कोरडे होते, तेव्हा सिलिकॉन. सामानाचा खर्च मजुरीच्या मानाने किरकोळ. लादी बसवायच्या दिवशीच हा तुकडा जोडला असता, तर मजुरीही वेगळी पडली नसती.

काकूंच्या छताचा डाग सुकला, पण त्यांनी अजून रंग लावलेला नाही. ‘एक पावसाळा जाऊ दे, मग बघू,’ म्हणाल्या. पावसाळ्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे त्यांना समजवायला मी गेलो नाही.