कागद हलका भरला

सरकारी पोर्टलनं माझं लाइट बिल नाकारलं, कारण ते हलकं होतं.

रकमेनं नव्हे. रक्कम चांगली दणदणीत आहे, उन्हाळाभर कूलर चाललाय. हलकी होती ती फाइल. बिल कंपनीच्या साइटवरून उतरवलेलं, अक्षर न् अक्षर स्वच्छ, आकार 61 केबी. आणि पोर्टलवर लाल अक्षरांत सूचना : कागदपत्राचा आकार 75 ते 500 केबी असावा. पाचशेच्या वर नको, हे मी समजू शकतो. जागा लागते, सर्व्हर दमतो. पण पंच्याहत्तरच्या खाली का नको? चौदा केबींनी सरकारचं काय अडलं होतं?

मुलीची बारावी झालीये, डोमिसाइल पाहिजे. पार्श्वभूमी एवढीच. हा दाखला 'घरबसल्या' मिळतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून आधी घरीच बसलो. मग बायको म्हणाली, "आता उठा." उठलो आणि तहसील कचेरीसमोरच्या एका केंद्रावर जाऊन रांगेत उभा राहिलो.

केंद्र म्हणजे एक गाळा. एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक पंखा, आणि पंख्याखालच्या एकमेव खुर्चीत एक आजोबा. टोपी, धोतर, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. माझा नंबर आला. ऑपरेटर पोरानं पेनड्राइव्ह लावला, स्क्रीनकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काका, लाइट बिल बारीक आहे. जाड करावं लागेल."

तेवढ्यात पंख्याखालून आवाज आला, "किती भरलं?"

"एकसष्ट," पोरगा म्हणाला.

"मग काय अवघड न्हाई. परवा एकाचं एकोणीस भरलं हुतं. त्याला दोन द्येव लावलं तवा उचाललं."

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, काहीतरी बोलतोय. पण पोरानं शांतपणे ड्रॉवर उघडला आणि त्यातून जुन्या कॅलेंडरांची गठ्ठाभर पानं काढली. लक्ष्मी, गणपती, शंकर-पार्वती, विठोबा, सगळे. आता त्यानं काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण मी पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता. माझ्या पीडीएफची आधी प्रिंट काढली. ती स्कॅनरच्या काचेवर पालथी ठेवली. तिच्या पाठीला देवाचं पान लावायचं, ते प्रिंटच्या चारी बाजूंनी बाहेर येतं. मग झाकण लावून रंगीत स्कॅन. बिल मधे, कडेनं देव. कागद जड होतो.

"कुठला लावू, आबा?" पोरानं विचारलं.

आजोबांनी जरा विचार केला. "गणपती लाव. न्हाई, थांब. पाव्हण्यांचं चौदानं कमी हाय ना? लक्ष्मीच लाव." मग माझ्याकडं वळून समजावून सांगू लागले, "लक्ष्मी सगळ्यात जड. कमळं असत्यात, हत्ती असत्यात, नाणी सांडत्यात, लई बारीक काम. गणपती मध्यम. शंकराच्या मागं बरफ असतो, त्यामुळं वजन धरत न्हाई. आन् विठोबा तर यकदम हलका. काळाभोर, ना दागिना ना काय. त्येच्यानं धा केबीबी वाढत न्हाईत."

मी घरी येऊन हे तपासलं. आजोबांचं शंभर टक्के बरोबर आहे. चित्रात बारीक तपशील जितका जास्त, तितकी फाइल मोठी. सपाट रंगाला जागा कमी लागते. माझ्या इंजिनिअर मेहुण्याला हे मला समजवायला अर्धा तास लागला. आजोबांनी ते पंख्याखाली बसून, देवांच्या भाषेत, दोन मिनिटांत सांगितलं होतं.

"तुमचं काय काम आहे इथं, आजोबा?" मी विचारलं.

"माझं झालं की शिमग्यालाच. पर हितं पंखा हाय. आन् लोकास्नी कायबी म्हाईत नसतं."

स्क्रीनवर माझं बिल उमटलं. डावीकडून लक्ष्मीचा एक हात, त्यातून ओघळणारी नाणी, उजवीकडून हत्तीची सोंड थेट ग्राहक क्रमांकापर्यंत आलेली. स्कॅन जरा फिरलेला, अक्षरं मूळ पीडीएफपेक्षा पुसट. आकार 212 केबी. पोर्टलनं बिनतक्रार घेतलं. पूर्वी फायलीवर वजन ठेवावं लागायचं. आता निदान ते फायलीच्या आतच ठेवता येतं, आणि तेही लक्ष्मीचंच.

फोटोचा नियम मात्र उलटा. फोटो पाच ते वीस केबी, रुंदी 160 पिक्सेल. म्हणजे माणूस जितका बारीक तितका बरा, आणि कागद जितका जाड तितका खरा. माझा फोटो वीसमध्ये बसवताना पोरानं तो इतका दाबला की मी कुणीही असू शकतो. रांगेतल्या मागच्या गृहस्थांनी तो स्वतःचा समजून दुरुस्तीही सुचवली.

किमान मर्यादा कुणी घातली असेल, याचा मी फार विचार केलाय. त्या माणसाचा हेतू वाईट नसावा. लोक अंधुक फोटो चढवत असणार, वाचता येत नसणार, म्हणून त्यानं ठरवलं असेल की फाइल मोठी म्हणजे कागद सुवाच्य. वातानुकूलित खोलीत ते पटतंही. पण त्यानं एकदा, फक्त एकदा, या गाळ्यात स्टूल टाकून तासभर बसायचं होतं. ब्रिटिश सरकारनं 2012 मध्ये आपल्या सगळ्या खात्यांसाठी गव्ह डॉट यूके ही एकच साइट काढली, तेव्हा तिथल्या मंडळींनी आपली तत्त्वं लिहून काढली. पहिलंच तत्त्व असं की सुरुवात गरजांपासून करा. वापरणाऱ्याच्या गरजा, सरकारच्या नव्हे. मग खऱ्या माणसांना फॉर्म भरायला बसवायचं, ती कुठं अडतात ते मुकाट्यानं बघायचं आणि फॉर्म बदलायचा. माणूस बदलायचा नाही.

त्यासाठी लंडनला जायचीही गरज नाही म्हणा. ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतल्या टेबल-खुर्च्यांची मांडणी बदलली, दप्तराची वर्गवारी लावली, आलेल्या माणसाला काय हवं, कुणाकडं जावं हे कळेल अशी सोय केली. 'लखिना पॅटर्न' म्हणून लोक अजून नाव घेतात. दारातून आत येणारा माणूस कसा दिसतो, हे त्यांनी खुर्चीतून उठून बघितलं. आज आम्ही दारातून आतच येत नाही, आम्ही 'अपलोड' होतो. मग बघणार कोण?

आणि खरी चीड पुढं आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार डोमिसाइल पंधरा दिवसांत मिळालं पाहिजे. उशीर झाला तर अपील आहे, अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. कायदा चांगला आहे, मनापासून सांगतो. पण हे पंधरा दिवस मोजायला लागतात ते परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर. त्याआधी मी घरी घालवलेल्या संध्याकाळी, न आलेले ओटीपी, आधारच्या पीडीएफचा पासवर्ड शोधण्यात गेलेला रविवार, बुडालेली रजा, हे कुठल्याच तक्त्यात नाही. कागदोपत्री मी त्या सकाळीच जन्मलो आणि लगेच रांगेचा पहिला झालो. पूर्वी जे काम कारकून करायचा ते आता मी करतो. मला जमलं नाही की गाळ्यातला पोरगा करतो, आणि त्याचे पैसे मीच देतो. याला कामकाज गतिमान झालं म्हणतात. झालंय खरं, कारकुनाच्या बाजूनं.

परवा मेसेज आला : अर्ज त्रुटीसाठी परत. आत शेरा : 'रहिवासी पुराव्यावर अनावश्यक चित्र आहे. स्पष्ट प्रत जोडावी.' म्हणजे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एका जिवंत माणसानं माझा कागद डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं. पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून.

केंद्रावर गेलो. आजोबा होतेच. शेरा वाचून दाखवल्यावर त्यांनी मान हलवली.

"लक्ष्मी बघून सायबाला शंका आली आसंल. विठोबा लावा. विठोबाला कोण माघारी धाडत न्हाई."

"पण तो हलका असतो म्हणालात ना?"

"मग रखुमाईबी लावा की."