टायटॅनियम ॲल्युमिनाइडचे थर मॉडेलमधून वगळता येत नाहीत

टायटॅनियम ॲल्युमिनाइडविषयीचा एक मजकूर सध्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत: टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचा हा मिश्रधातू काचेइतका ठिसूळ असून त्यात विरूपण (तुटण्याआधी आकारात होणारा कायमचा बदल) होतच नाही, त्यातले थर सूक्ष्मदर्शकाखालच्या छायाचित्रांपुरतेच असल्याने धातूच्या वर्तनाच्या संगणकीय मॉडेलमध्ये सरासरी गुणधर्म घातले की काम भागते, थर जितके पातळ तितका धातू सरस, आणि इंजिनांत तो कधी वापरलाच गेलेला नाही. यातला दुसरा दावा माझ्या भाचीने आपल्या प्रबंधाच्या आराखड्यात गृहीतक म्हणून जसाच्या तसा उतरवलेला पाहिला, तेव्हा गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

इंजिनांबद्दलच्या दाव्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. जीईएनएक्स या विमान इंजिनाच्या लो-प्रेशर टर्बाइनमधील मागच्या टप्प्यांची पाती याच मिश्रधातूची आहेत, कारण त्याची घनता निकेलच्या मिश्रधातूंच्या जवळपास निम्मी आहे.

ठिसूळपणाच्या दाव्यात अर्धसत्य आहे, हे मान्य करावे लागते. नेहमीचा बहुस्फटिकी (अनेक स्फटिक मिळून बनलेला) नमुना सामान्य तापमानाला जेमतेम एक-दोन टक्के ताणला जातो आणि तुटतो. परंतु ‘विरूपण होतच नाही’ हे साफ खोटे आहे. २०१६ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, सर्व थर ओढीच्या दिशेला समांतर असलेला एकस्फटिकी नमुना सामान्य तापमानाला सरासरी ६.९ टक्के ताणला गेला आणि त्याचे पराभव-सामर्थ्य (कायमचे विरूपण ज्या ताणाला सुरू होते तो ताण) ७०८ मेगापास्कल भरले.

खरे नुकसान सरासरीच्या दाव्याने होते. या धातूत गॅमा आणि अल्फा-२ या दोन प्रावस्थांचे (वेगवेगळ्या स्फटिकरचनांचे) थर एकाआड एक रचलेले असतात, आणि क्योटोच्या यामागुची यांच्या गटाने १९९०च्या सुमारास अशा एकाच दिशेच्या थरांचे नमुने वाढवून दाखवले की, ओढ थरांशी किती अंशांचा कोन करते यावर सामर्थ्य कित्येक पटींनी बदलते. कोन तिरपा असेल तर स्लिप (स्फटिकाची प्रतले एकमेकांवरून घसरणे) आणि ट्विनिंग (स्फटिकाचा एक भाग आरशातल्या प्रतिमेसारखा वळणे) थरांना समांतर, बिनअडथळा चालतात आणि धातू मऊ वागतो; शून्य किंवा नव्वद अंशांना त्या समांतर प्रतलांवर कर्तन-ताणच (घसरवणारा ताण) येत नाही, त्यामुळे डिसलोकेशनला (घसरण पुढे नेणाऱ्या स्फटिकातल्या रेषीय दोषाला) एकामागून एक सीमा ओलांडाव्या लागतात. या दोन्ही कोनांना धातू कठीण असला, तरी भंग मात्र अगदी वेगळा होतो. नव्वद अंशांना ओढ थरांच्या सीमाच उघडते आणि तडा त्यांच्यामधून सहज धावतो. शून्य अंशांना तडा थर कापत जातो, वळतो, आणि त्याच्या मागे न तुटलेले धागे उरतात. तडा जसा वाढतो तसा त्याला होणारा विरोधही वाढतो. एवढा फरक एका आकड्यात कसा मावणार?

एका ताण-चाचणीचा आलेख मॉडेलशी जुळला, हा त्या मजकुराचा पुरावा आहे. तो जुळणारच, कारण वेगवेगळ्या दिशांच्या असंख्य कॉलनींचे (एकाच दिशेचे थर असलेल्या भागांचे) विरूपण बेरजेत मिसळून जाते आणि तिथे सरासरी चालून जाते. तडा मात्र, सर्वांत वाईट कोनात बसलेली एखादी कॉलनी जिथे असेल, तिथे सुरू होतो. म्हणून क्रिस्टल प्लास्टिसिटीच्या, म्हणजे स्फटिकातली घसरण दिशेनुसार मोजणाऱ्या मॉडेलमध्ये थरांना समांतर चालणाऱ्या आणि त्यांना छेदणाऱ्या स्लिपला वेगवेगळे क्रांतिक ताण (घसरण सुरू होण्याचे ताण) द्यावे लागतात, आणि कोहेसिव्ह एलिमेंट (तडा उघडणे दाखवणारे मॉडेलचे घटक) वापरायचे असतील तर थरांच्या सीमेवर व थरांच्या आडवे त्यांची भंग-ऊर्जा वेगळी ठेवावी लागते.

पातळ थरांनी सामर्थ्य वाढते, हे हॉल-पेच संबंधाला (सीमा जितक्या जवळ तितका धातू बळकट, या नियमाला) धरूनच आहे. पण अतिपातळ थर उच्च तापमानाला टिकत नाहीत, हळूहळू जाड होतात. शिवाय कॉलनीचा आकार आणि दिशा यांचा विचार न करता थरांची जाडी तेवढी घटवली, तर नव्वद अंशांची ती कमकुवत सीमा जागच्या जागी राहते.