भाकरीचा कडता

कॅलरी मोजणं चालू आहे सध्या, त्यामुळे परवा बेळगावात शहापूरला आत्याकडे जेवायला जाताना तो छोटा डिजिटल काटा पिशवीत टाकून नेला, यात एवढं काय आहे मला अजून कळलेलं नाही. पण आत्याच्या शेजारचे तोलार काका नेमके तिथं बसलेले. मार्केट यार्डात बटाट्याची आणि रताळ्याची पोती तोलण्यात त्यांची हयात गेली. मी ताटाशेजारी काटा ठेवला आणि काकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"काय गा हे?"

"काटा, काका. भाकरी मोजतो."

"किती पोती हाईत?"

सगळं घर हसलं. आत्याच्या सुनेनं तर पदर तोंडाला लावला. पण काका हसले नाहीत, तिथंच माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी काटा उचलला, उलटा केला, चष्मा कपाळावर घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला. "शिक्का न्हाई. बिनशिक्क्याच्या काट्यावर मी कधी माल तोललो न्हाई." मग पाटावर ठेवून बघितला, पाट डुगडुगतो म्हणून फरशीवर, फरशीला उतार आहे म्हणून दुसऱ्या फरशीवर. मी ताटावर तसाच. मग बंडीच्या खिशातून पाच रुपयाचं ते जुनं जाडजूड नाणं निघालं. "हे नऊ ग्रॅमचं. ओंबत्तु बरबेकु." म्हणजे नऊ आलं पाहिजे. यार्डातली मोजणी कन्नडमध्ये चालायची, वजनाचं काही आलं की काका आपोआप कन्नडवर जातात.

काटा म्हणाला आठ. परत ठेवलं, नऊ. परत, आठ.

"एक ग्रॅम खातो की हा!"

म्हटलं काका, स्वस्तातला काटा आहे, अगदी हलक्या वजनाला थोडा मागंपुढं होतो, भाकरीला काय फरक पडतो. "पोत्यामागं किलो खाणारे पण असंच म्हणायचे," असं म्हणून माझ्याकडे असे बघितले की मीच त्यांच्या यार्डातला चोर.

शेवटी भाकरी चढली. 128. काका आकड्यावर डोळे लावून बसले, मीही बसलो, भूक लागलेली, तर 127, मग 126. "बघ. वाफ. ओला माल हाय, कडता धराय लागतोय." कडता म्हणजे मालाच्या वजनातून वजा धरायची सूट.

आणि वैताग याचाच की माणूस बरोबर बोलत होता. पाण्याला कॅलरी नसते, मोजायचं ते कोरडं पीठ. शंभर ग्रॅम तांदळाच्या साधारण साडेतीनशे कॅलरी, त्याचाच भात पाणी पिऊन जवळजवळ तिप्पट होतो आणि शंभर ग्रॅम भाताच्या 130 वर येतात, ॲपमध्ये कच्चं-शिजलं चुकलं की दिवसाचा हिशोब गेला. म्हणून आत्याला विचारलं, एका भाकरीला पीठ किती घेतेस? "लागंल तेवढं."

ॲप तरी कुठं शहाणं आहे म्हणा. त्यात 'एक कटोरी आमटी'. कुठली कटोरी? आमच्या घरात नावं घातलेल्या वाट्यांची गर्दी आहे, कुणाच्या बारशाची, कुणाच्या वास्तुशांतीची, एकीत मावतं त्याच्या दीडपट दुसरीत. आणि चिवड्याच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात कमी कॅलरी, खाली मुंगीच्या अक्षरात 'प्रति 20 ग्रॅम'. वीस ग्रॅम चिवडा तोलून बघा एकदा. लहान मुलाच्या मुठीत मावतो. हे छापणाऱ्यांना कुणी हसत नाही, हसतात कुणाला तर घरून काटा आणणाऱ्याला.

हे सगळं मी काकांना तावातावानं सांगत होतो तेवढ्यात आत्यानं मागून येऊन भाकरीवर पळीभर तूप सोडलं. तुपाला ग्रॅममागं जवळपास नऊ कॅलरी, पिठाच्या दुपटीहून जास्त.

"आत्या! ते मोजायचं होतं!"

"तूप कोण मोजतंय? सासरी आलाईस काय?"

जेवण झालं आणि कुंदा आला, आमची बेळगावची खव्याची मिठाई. मी आणलेलाच, अर्ध्या किलोचा बॉक्स, अजून न उघडलेला. आत्ता काकांचे हात शिवशिवले. बॉक्स काट्यावर, 503. मग कुंदा ताटात उलटा केला, रिकामा बॉक्स काट्यावर. 47.

घरात शांतता. मग जी बोंब झाली! पुठ्ठ्याचे पैसे कुंद्याच्या भावानं घेतले म्हणून आत्या त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांवर गेली, सून मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढून बसली, आणि मघाशी जो काटा दीडदमडीचा, बिनशिक्क्याचा होता, तो काकांनी दोन्ही हातात धरून, "ह्यो घेऊन जातो मी, त्याला दाखवतो," म्हणत पायात चपला सरकवल्या. अरे, पण नाण्यात एक ग्रॅम खाणारा तो हाच ना काटा? विचारलं. उत्तर आलं नाही.

दुकानात काय झालं ते अजून नीट कळलं नाही, पण काटा परत आलेला नाही. गल्लीतली दुधाची पिशवी न् पिशवी आता काकांच्या ओट्यावरून पुढं जाते म्हणे. मी घरी अंदाजानं खातोय, आणि वजन मात्र अंदाजानं वाढत नाहीये, नेमकं वाढतंय. आज सकाळी आत्याचा फोन. वाटलं काटा न्यायला बोलावते.

"येताना बारीक पेन्सिल सेल दोन घेऊन ये रे, काकांच्या काट्यातले संपलेत."