खासदार तुमचाच ना, मग रडता कशाला?

आज कंपनीत डबा खाताना एकजण सहज बोलून गेला, "दिंडोरी लोकसभा तर तुमच्या आदिवासींना राखीव आहे, खासदार पण तुमचाच, मग अजून कशाला रडता?" घास तसाच गिळला, काही बोललो नाही. पण सातपूरवरून घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

२० मे २०२४, लोकसभेचं मतदान. मी पेठ तालुक्यात आमच्या पाड्यावर होतो, आत्याला घेऊन शाळेत गेलो. ऊन मी म्हणत होतं, बायकांची रांग पार पटांगणाच्या बाहेर. साडेअकराच्या सुमाराला खालच्या वळणावर टँकरचा हॉर्न वाजला आणि दोन मिनिटांत रांग रिकामी. टँकर विहिरीत ओततो, पहिल्यांदा दोर टाकेल तिला बरं पाणी, उशीर केला की हंड्यात नुसता गढूळ. साठीची आत्या माझा हात सोडून पळाली.

आता मतदारसंघ बघा. एका टोकाला नांदगाव, मध्ये येवला, निफाड, चांदवड, आणि दुसऱ्या टोकाला आमचा सुरगाणा-पेठ. लासलगावची कांद्याची बाजार समिती पण यातच. २००९ पासून हा असाच एकत्र बांधलेला आहे. जागा आमच्या नावाने राखीव, पण मतं कुठे जास्त आहेत ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे निवडणूक होते कांद्यावर. २०२४ ला केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार पडल्या आणि भास्कर भगरे गुरुजी आले, ते पण निर्यातबंदीच्या रागावर. हो, मान्य आहे, निर्यातबंदीने शेतकरी खरंच मेला, माझे निफाडचे मित्र आहेत, त्यांची चाळीत सडलेली पोती मी डोळ्याने पाहिलीत. पण आमच्या पाड्यावर प्रचाराचा जो टेम्पो आला ना, त्याच्यावर पण कांद्याचंच गाणं! आमच्याकडे भात, नागली, वरई. कांदा आम्ही पेठच्या बाजारातून किलोने विकत आणतो. सगळा पाडा उभा राहून ते गाणं ऐकत होता आणि पाण्याबद्दल एक शब्द नाही. मी त्या पक्षाचं नाव घेत नाही, दुसऱ्याचा टेम्पो आला असता तरी हेच झालं असतं.

आणि पाणी नाही असं कोण म्हणतं? पावसाळ्यात २००० मिलिमीटरच्या वर कोसळतो. नार, पार, दमणगंगा, या आमच्या नद्यांचं सगळं पाणी वाहून गुजरातला. आता नार-पारचं पाणी उचलून गिरणा खोऱ्यात न्यायचं म्हणून २०२४ ला मंत्रिमंडळाची मंजुरी पण झाली. न्या की, तिकडे पण माणसंच आहेत. पण ज्या डोंगरावर ते पडतं तिथल्या बायका मे महिन्यात मतदानाची रांग सोडून हंडा घेऊन पळतात, त्यांचं आधी कोण बघणार? २०२२ ला सुरगाण्याच्या सीमेवरची गावं म्हणाली आम्हाला गुजरातमध्ये टाका, तेव्हा इथे शहरात लोकांना राग आला, महाराष्ट्रद्रोह वगैरे. अरे ते का म्हणाले असतील असं एकाला तरी विचारावंसं वाटलं का?

आमच्या लोकांनी काय करायचं राहिलंय? २०१८ ला वनपट्ट्यांसाठी, म्हणजे कसतो त्या जंगलजमिनीच्या हक्कासाठी, नाशिकवरून मुंबईपर्यंत १८० किलोमीटर चालत गेले, पायाची सालटं निघाली. २०२४ ला तर झिरवाळ साहेबांनी, तेव्हाच्या विधानसभेच्या उपाध्यक्षांनी, मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उडी मारली. पेसा भरतीसाठी, म्हणजे आदिवासी भागातल्या आमच्या पोरांच्या सरकारी नोकऱ्यांसाठी. सत्तेतल्या आमदाराचं सभागृहात बोलून भागत नाही तर माझ्या आत्याचं कोण ऐकणार, सांगा.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या वेळी मतदारसंघांची फेररचना होईल तेव्हा डोंगर डोंगराला जोडा. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, बागलाण, त्र्यंबक, इगतपुरी. आज बागलाण धुळ्यात टाकलंय, त्र्यंबक-इगतपुरी नाशिक शहराच्या शेपटीला, आम्ही कांद्याच्या. तीन ठिकाणी तोडलंय आम्हाला, तिन्हीकडे आम्ही थोडे. लोकसंख्येचं गणित जमवावं लागेल, ठीक आहे, बसा आणि जमवा. मग जो निवडून येईल त्याला दिल्लीत पाण्यावर आणि वनपट्ट्यावर बोलावंच लागेल, नाहीतर पुढच्या वेळी पडेल. आज त्याला आमच्यामुळे पडायची भीतीच नाही.

त्या दिवशी पाऊण तासाने सगळ्या बायका परत आल्या. सगळ्या. लुगडी गुडघ्यापर्यंत ओली, खोलीतल्या फरशीवर पाण्याचे पाय उमटलेले, आतल्या साहेबांनी फक्त "सावकाश या" एवढंच म्हटलं. आत्याचं बोट ओलं होतं, शाई लावायच्या आधी त्यांनी ते पुसून घ्यायला सांगितलं. तिने पदराचा कोरडा कोपरा शोधला, तिचा नाही सापडला, मग मागच्या बाईच्या पदराला पुसलं.

उद्या डब्याच्या वेळी त्याला हे सांगणार आहे. आज जमलं नाही.