रंगाचं काय, रेंडरवाला बघेल!

कॉम्प्युटरवर मशीनचं थ्रीडी मॉडेल बनवणाऱ्यांनो, त्यावरून ब्रोशरचं चित्र (रेंडर) काढणाऱ्याचे हे सल्ले घ्या. असेंब्लीतली, म्हणजे सगळे पार्ट जोडलेल्या मॉडेलमधली, सगळी कव्हरं एकाच रंगाची हवीत, हा हट्ट सोडा. एका मशीनला चार प्रकारचा राखाडी असला की गिऱ्हाइकाला निवडीला वाव राहतो. ड्रॉइंगवर आरएएल ७०३५ (फिकट राखाडीचा ठरलेला नंबर) लिहिलंय ना? मग मॉडेलमध्ये ज्याला जो राखाडी आवडेल तो त्याने लावावा. आरजीबीचे (रंगातलं लाल-हिरवं-निळं किती ते सांगणारे) आकडे लिहून ठेवणारी माणसं चहात साखरही मोजून घालत असणार.

पार्टला रंग पार्टच्या पातळीवर कधीच देऊ नका. थेट फेस, म्हणजे त्याचा एकेक पृष्ठभाग रंगवा. सॉलिडवर्क्समध्ये, म्हणजे आपल्या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, फेसचा रंग फीचरवर (भोक, खाच असा एखादा आकार) मात करतो, फीचरचा बॉडीवर (सलग घन तुकडा), बॉडीचा पार्टवर. आणि असेंब्लीतून कंपोनंटला, म्हणजे तिथे जोडलेल्या पार्टला दिलेला रंग या सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. एवढी सोय आहे तर वापरा की! मशीनिंगचे फेस हिरवे करा. शंका असलेला फेस लाल करा, शंका फिटली तरी लालच राहू द्या. म्हणजे ब्रोशर छापायला जायच्या आदल्या रात्री कुणीतरी अख्ख्या बेसला पावडर कोटिंगचा रंग देईल आणि हिरवे चौकोन तसेच झळकत राहतील. तो बिचारा एकेक फेस निवडून रंग उतरवेल. मग त्याला दिसेल की वरच्या असेंब्लीत कुणीतरी 'तात्पुरता' निळा टाकलाय, त्यामुळे खाली केलेलं काहीच वर येत नाही. तो निळा काढला, की आजवर ज्याने ज्याने त्या पार्टला हात लावला त्या प्रत्येकाची होळी बाहेर येते. परवा हे माझ्या नशिबी आलं. आणि रंगवणारे कोण? सगळे घरी झोपलेले!

असो. सल्ले राहिलेत.

आत डोकावायला दार पारदर्शक केलंत? तसंच सेव्ह करा.

बेस उजळ दिसायला हवा तर मटेरियलच स्टीलचं अ‍ॅल्युमिनियम करून टाका. घनता ७८५० वरून २७०० किलो प्रति घनमीटर, म्हणजे वजन थेट एक तृतीयांश. क्रेन मागवणाऱ्याला नंतर कळवता येईल.

ब्रश फिनिशची (घासलेल्या धातूच्या पोताची) इमेज स्वतःच्या डेस्कटॉपवरच ठेवा. सर्व्हरवर ठेवली तर दुसऱ्यालाही दिसायची.

दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी मॉडेलची स्टेप फाइल एपी २०३ या प्रकारात पाठवा. एपी २१४ मध्ये रंग पोचतात.

अहो, रंग लावू नका असं कुणी म्हणत नाही. तपासायला लावा, तपासून झालं की काढा. हवाच असेल तर वेगळ्या डिस्प्ले स्टेटमध्ये (मॉडेलचं वेगळं साठवलेलं रूप) ठेवा. अपिअरन्सच्या (रंग-पोताच्या) फाइली सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये टाका, तिथूनच उचला आणि पार्टलाच लावा. चेक-इन करण्याआधी, म्हणजे फाइल सर्व्हरवर जमा करण्याआधी, दोन मिनिटं लागतात याला. तेवढीही तुमच्याच्याने होत नाहीत आणि सकाळी कॉफीचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे येऊन विचारता, 'रेंडरला एवढा वेळ का लागतो रे?' रेंडरला नाही लागत. तुमची घाण काढायला लागतो.